एका मीटरवर ४० खोल्या: सगळ्यांना इंडक्शनवर जायचंय, आधी काय बदलावं?

प्रश्न : भाडेकरू_समिती

भाड्याच्या ४० खोल्यांची वसाहत आहे. वीज कंपनीचं थ्री-फेज मीटर एकच, मुख्य स्विच ६३ अँपियरचा. पुढे मालकाने प्रत्येक खोलीला सबमीटर बसवलेत. खोल्यांतली वायर १.५ चौ. मिमी तांब्याची, सॉकेट ६ अँपियरचे, आणि बोर्डापासून सगळ्यात लांबची खोली ४५ मीटरवर. सध्या खोलीमागे महिन्याला सरासरी ६० युनिट जळतात. स्वयंपाक गॅसवर होतो, काही घरांत रॉकेलवर.

शहराच्या नव्या ऊर्जा योजनेत विजेच्या शेगडीला आणि छतावरच्या सौर पॅनेलला सवलत आहे, पण ती मिळते स्वतःच्या नावावर मीटर असलेल्याला. मालक म्हणतो, छतावर १० किलोवॉट पॅनेल लावू, म्हणजे प्रश्न मिटला. विचारायचं ते असं:

१. आहे त्या जोडणीवर ४० इंडक्शन चालतील का?
२. बिल किती वाढेल?
३. आधी सौर, की आधी वायरिंग आणि मीटर?

---

फेज_न्यूट्रल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आहे तशी चालणार नाहीत, पण थोडं नियोजन केलं तर ६३ अँपियरमध्ये बसवता येतील.

हिशोब असा. ६३ अँपियर × २३० व्होल्ट × ३ फेज म्हणजे साधारण ४३ किलोवॉट. संध्याकाळी दिवे, पंखे, टीव्ही धरून खोलीमागे २५० वॉट पकडले तर १० किलोवॉट तिथेच गेले. १८०० वॉटच्या ४० शेगड्या म्हणजे ७२ किलोवॉट. सगळ्या एकाच क्षणी पूर्ण जोरावर नसतात, पण स्वयंपाकाची वेळ सगळ्यांची एकच असते, त्यामुळे निम्म्याहून कमी धरू नका. ३६ अधिक १० म्हणजे ४६. मुख्य स्विच पडणार. आणि पडेल तो ऐन रात्रीच्या जेवणाच्या वेळी, सगळी वसाहत अंधारात.

शेगड्या १२०० वॉटवर मर्यादित ठेवल्या तर २४ अधिक १० म्हणजे ३४ किलोवॉट, फेजमागे ४९ अँपियर. हे चालतं. पण खोल्या तिन्ही फेजवर १३-१३-१४ अशा विभागलेल्या असल्या तरच. जुन्या वसाहतीत जिथे जागा दिसली तिथे वायर अडकवलेली असते. एका फेजवर २० खोल्या असतील तर त्या एकट्या फेजवरच ७४ अँपियर होतात आणि बाकीचे दोन फेज निवांत. म्हणून पहिलं काम बिनखर्चाचं: कोणती खोली कोणत्या फेजवर आहे त्याचा तक्ता करा.

आता खोलीची वायर. १८०० वॉट म्हणजे जवळपास ८ अँपियर. ६ अँपियरच्या सॉकेटला हे झेपत नाही. खराब संपर्काचा रोध ०.२ ओहम जरी असला तरी त्या एका बिंदूवर १३ वॉट उष्णता तयार होते. फेजच्या भोकाभोवती प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होतं, आणि प्लग काढताना पिन हाताला चटका देते. ही खूण दिसली की सॉकेट बदलायचा, वरून टेप लावायची नाही.

१.५ चौ. मिमी वायर एकट्या खोलीचे ८-१० अँपियर सहज नेते. धोका लूपचा आहे. एकाच वायरीवरून तीन-चार खोल्या पुढे नेलेल्या असतात. तिथे ३२ अँपियर वाहू लागले की एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो, मग कोणी तरी १६ चा काढून ३२ चा बसवतो आणि 'आता पडत नाही' म्हणून सगळे खूश. एमसीबी वायरीचा राखणदार असतो, शेगडीचा नव्हे. १.५ वर १० किंवा फार तर १६, याच्या वर कधीच नाही.

करायचं काय: प्रत्येक खोलीला मीटर बोर्डापासून स्वतंत्र फेज, न्यूट्रल आणि अर्थ. ३० मीटरपर्यंत २.५ चौ. मिमी, त्यापुढे ४. तुमच्या ४५ मीटरच्या खोलीला जाऊन-येऊन ९० मीटर तार लागते. १० अँपियरला १.५ मध्ये साधारण ११ व्होल्ट पडतात, २.५ मध्ये पावणेसात, ४ मध्ये चार. वायर तापली की हे आकडे आणखी वाढतात. शिवाय मुख्य केबलमधली घट वेगळी. एकूण घट ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेअकरा व्होल्टच्या आत ठेवायची. संध्याकाळी मुळात २०० व्होल्टच येत असतील तर बरीच इंडक्शन कमी दाबाचा एरर दाखवून बंद पडतात. लोक शेगडीला नावं ठेवतात, दोष वायरीत असतो.

खोलीत १६ अँपियरचा सॉकेट, मागे १६ अँपियर ३० मिलीअँपियरचा आरसीबीओ (जास्त प्रवाह आणि गळती, दोन्हींवर पडणारा स्विच). ४० खोल्यांना मिळून एकच ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (फक्त गळतीवर पडणारा स्विच) बसवू नका. प्रत्येक खोलीतून अर्धा-एक मिलीअँपियर गळती असतेच, आणि हे यंत्र निम्म्या गळतीवरही, म्हणजे १५ वर, पडू शकतं. रोज कारण नसताना पडायला लागलं की महिन्याभरात कोणी तरी ते बायपास करतं, आणि मग संरक्षण शून्य. मुख्य बोर्डावर ३०० मिलीअँपियरचा, वेळ लावून पडणारा एस प्रकार, आणि ३० चे खोलीनिहाय.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच: मुख्य न्यूट्रल. थ्री-फेजमध्ये तो सुटला तर मधला बिंदू तरंगतो, म्हणजे प्रत्येक फेजला मिळणारे व्होल्ट २३० वर स्थिर राहत नाहीत. एका फेजवर २००० वॉटचा हीटर आणि दुसऱ्यावर फक्त १०० वॉटचा भार असेल तर ४०० व्होल्ट त्या दोघांत वाटले जातात: हीटरला १९, आणि बिचाऱ्या १०० वॉटवाल्याला ३८१. टीव्ही, चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर एका फटक्यात जातात. न्यूट्रलचा बसबार (बोर्डातली तारा जोडायची धातूची पट्टी) फेजइतकाच जाड हवा, त्याच्या मार्गात फ्यूज नको, आणि एका स्क्रूखाली दोन तारा कोंबायच्या नाहीत.

---

दरपत्रक

वायरिंगबद्दल वर सगळं आलंय. मी फक्त बिलावर बोलतो, कारण खरी गोची तिथे आहे.

दर टप्प्यांचे असतील तर सामायिक मीटर गरिबालाच महागात पडतं. उदाहरणासाठी पहिल्या १०० युनिटांना दर १ धरा, १०१ ते ३०० ला २, त्यापुढे ३. आकडे तुमच्या दरपत्रकातले घाला, तर्क तोच राहतो.

आज, ६० युनिट. स्वतंत्र मीटर असतं तर खोलीमागे बिल ६०. सामायिक मीटरवर २४०० युनिट एकत्र मोजले जातात: १०० + ४०० + ६३०० = ६८००, म्हणजे खोलीमागे १७०. जवळपास तिप्पट. कमी वापरणाऱ्यासाठी ठेवलेला स्वस्त टप्पा ४० घरांत मिळून एकदाच मिळतो.

उद्या, इंडक्शनसह. रोज दीड युनिट स्वयंपाकाला धरलं तर ४५ वाढून १०५ होतात. स्वतंत्र मीटरवर ११०. सामायिकवर ४२०० युनिटांचे १२,२००, म्हणजे खोलीमागे ३०५. स्वयंपाकाच्या त्या ४५ युनिटांना एकाला ५० पडतात, दुसऱ्याला १३५. शेगडी तीच, वीज तीच.

गॅसशी तुलना करायची सोपी रीत: १ किलो एलपीजीत साधारण १२.७ युनिटइतकी उष्णता असते, त्यातली ५५ टक्के भांड्यात जाते. इंडक्शन ८५ टक्के देतं. म्हणजे १ किलो गॅस ≈ ८ युनिट. एका किलोच्या किमतीला ८ ने भागा. तुमचा शेवटच्या टप्प्याचा दर त्याहून कमी असेल तरच वीज परवडते. बर्नर काजळलेला असेल तर गॅसची बाजू आणखी पडते. रॉकेलच्या स्टोव्हला लिटरमागे साडेचार युनिट धरा.

सरासरी दर घेऊन हा हिशोब करू नका. इंडक्शनचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.

सबमीटरवर मालक काय दर लावतो तेही बघा. ब्रिटनमध्ये पुनर्विक्रीच्या कमाल दराचा नियम आहे: घरमालकाने स्वतः जो दर भरला त्यापेक्षा जास्त भाडेकरूकडून घ्यायचा नाही. तुमच्याकडे असा नियम आहे का ते नियामक आयोगाच्या आदेशात शोधा. नसला तरी मूळ बिलाची प्रत दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावण्याची मागणी रास्तच आहे.

---

छपरावरून

सौरवर माझा मुद्दा. १० किलोवॉट चांगल्या उन्हात दिवसाला ४० युनिट देईल, महिन्याला १२००. फिरायला जागा सोडून ८० ते १०० चौ. मीटर छत लागेल, पॅनेलचं वजन चौ. मीटरला ११ ते १३ किलो, ढाचा वेगळा. पत्र्याचं छप्पर असेल तर वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त त्रास देते; पत्र्यालाच क्लॅम्प न मारता खालच्या कैचीला (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्याला) धरावं लागतं.

नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा होण्याची सोय) धरून १२०० युनिट सर्वात वरच्या टप्प्यातून वजा होतील. वरच्या उदाहरणात ३६०० ची बचत. हे काही कमी नाही. आधी सौर की आधी मीटर हे ठरवताना याचाही विचार करावा.

---

दरपत्रक

@छपरावरून, गणित बरोबर आहे. पण त्याच उदाहरणात नुसते मीटर वेगळे केले तर एकूण बिल १२,२०० वरून ४,४०० वर येतं. ७,८०० ची बचत, पॅनेलच्या दुपटीहून जास्त. ४० मीटरांचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा द्यायची रक्कम), प्रत्येकी २० जरी धरला, तरी निव्वळ ७,००० उरतात. आणि पॅनेलची बचत मूळ मीटरवर, म्हणजे मालकाच्या नावावर जमा होते. सबमीटरचा दर त्याने उतरवला नाही तर भाडेकरूच्या हाती काय? पॅनेलला विरोध नाही, क्रम उलटा आहे एवढंच.

---

छपरावरून

हे मान्य. मालकी आणि वाटप लिहून घेतल्याशिवाय भाडेकरूंनी एक पैसाही घालू नये. सामूहिक सौरसाठी चांगली पद्धत म्हणजे प्रकल्प एक आणि त्याचे युनिट ठरलेल्या टक्क्यांनी प्रत्येकाच्या बिलातून वजा. स्पेनमध्ये २०१९ च्या फर्मानाने असं सामूहिक स्वयंवापर वाटप चालतं. पण त्यालाही खोलीनिहाय अधिकृत मीटर लागतं, म्हणजे फिरून तुमच्याच मुद्द्यावर आलो.

एक इशारा: गॅलरीत टांगून प्लगमध्ये खोचायचे छोटे सौर संच कोणी सुचवेल. जर्मनीत ते २०२४ पासून ८०० वॉट इन्व्हर्टरपर्यंत सोप्या नोंदणीवर चालतात. लूपच्या वायरिंगवर ते नकोच. एमसीबीला ग्रिडकडून येणारे १६ अँपियर दिसतात, प्लगमधून आत येणारे साडेतीन दिसत नाहीत. मधल्या वायरीत साडेएकोणीस वाहतात आणि काहीच पडत नाही.

स्वयंपाक सकाळी आणि रात्री, ऊन दुपारी. नेट मीटरिंग नसेल किंवा बाहेर दिलेल्या युनिटला कमी दर असेल तर वर लिहिलेली ३६०० ची बचत बरीच खाली येते. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ नंतरच्या अर्जांना नेमकं हेच केलं. त्यामुळे दरपत्रकातलं ते कलम आधी वाचा.

---

भाडेकरू_समिती

सगळ्यांचे आभार, क्रम लक्षात आला. दोन गोष्टी. काही सबमीटरांवर 'अर्थ' नावाचा लाल दिवा सतत लागलेला असतो. मालक म्हणतो, भाडेकरू चोरी करतात. आणि मुख्य मीटरचे युनिट सबमीटरांच्या बेरजेपेक्षा १८ टक्के जास्त येतात, ते सगळ्यांवर सारखे वाटले जातात. हे तपासता येईल का?

---

फेज_न्यूट्रल

येईल, एका दुपारचं काम आहे. क्लॅम्प मीटर (तार न तोडता, जबड्यात धरून प्रवाह मोजणारं यंत्र) लागेल.

'अर्थ' दिवा म्हणजे चोरीच असं अजिबात नाही. मीटरमधून गेलेला फेजचा प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह जुळत नाही, एवढंच तो सांगतो. जुन्या वायरिंगमध्ये सर्वात जास्त सापडणारं कारण म्हणजे दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठल्या तरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेले असतात. असे मीटर दोन्हींतला मोठा प्रवाह धरून मोजतात. म्हणजे शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून गेला तर तो तुमच्या बिलात येतो, आणि शेजाऱ्याच्या बिलातही असतोच.

चाचणी: सबमीटरच्या पुढची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात घ्या. खोलीत भार चालू असताना वाचन शून्याजवळ हवं. अर्धा-एक अँपियर दिसला तर गडबड. आता त्या खोलीचा एमसीबी पाडा. न्यूट्रलमध्ये तरीही प्रवाह राहिला तर तो दुसऱ्याचा आहे. एकेका शेजाऱ्याचा एमसीबी पाडत जा, ज्याला पाडल्यावर वाचन शून्य होईल त्याच्याशी न्यूट्रल मिसळलाय. एमसीबी फक्त फेज तोडतो, त्यामुळे अशा ठिकाणी एमसीबी पाडूनही न्यूट्रलच्या जोडाला उघड्या हाताने शिवायचं नाही. जोड सोडवण्याचं काम मुख्य स्विच बंद करून आणि परवानाधारक वायरमनकडूनच.

न्यूट्रल वेगळे न करता आरसीबीओ लावले तर ते पहिल्याच दिवशी पडतील, तेव्हा हे काम आधी.

सबमीटर बरोबर मोजतो का: मीटरवर '३२०० इम्प/किलोवॉट-तास' (म्हणजे एका युनिटला दिव्याच्या ३२०० लुकलुक) असं काही लिहिलेलं असतं. खोलीत फक्त १००० वॉटचा हीटर चालू ठेवा, बाकी सगळं बंद. एका मिनिटात लाल दिवा साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा (१६०० चा असेल तर २७). व्होल्टेज कमी असेल तर हीटरही कमी घेतो, म्हणून सोबत क्लॅम्पने अँपियर आणि मीटरने व्होल्ट मोजून गुणाकार करा. ६५-७० लुकलुक आल्या तर मीटर पळतोय.

१८ टक्के तफावत जास्त आहे. तारांतली घट एवढ्या अंतरात ३-४ टक्क्यांच्या वर जायला नको. उरलेल्यात जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप आहेत का ते बघा; बहुतेक वेळा ते कुठल्याच सबमीटरवर नसतात. १.५ किलोवॉटचा पंप दिवसाला ३ तास चालला तर महिन्याला १३५ युनिट. त्याला स्वतंत्र सबमीटर लावा, मग वाद घालायला तरी आकडा असेल.

स्वस्तात जुने प्रीपेड सबमीटर देणारे भेटतील. २० अंकी टोकनचे (रिचार्जचा आकडा मीटरमध्ये घालायचे) असतील तर जपून. त्या पद्धतीत टोकनची वेळ १९९३ पासून मिनिटांत मोजली जात होती आणि मोजणी २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याआधी दोन खास टोकनं घालून मीटरची 'की' (आतला गुप्त कोड) बदललेली नसेल तर मीटर नवीन रिचार्ज घेत नाही. ती टोकनं मूळ विक्रेत्याकडूनच मिळतात. तो नसेल तर मीटर भंगार.

---

पायरी_पाच

वीज कंपनीकडे जाताना काय मागायचं, त्यावर थोडं.

'आमच्याकडे वीज नाही' असं तुम्ही म्हणू शकत नाही, कागदावर तुम्ही जोडलेले आहात. पण जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने २०१५ मध्ये मांडलेल्या बहुस्तरीय मोजपट्टीत नुसती जोडणी बघत नाहीत. तिसऱ्या पायरीला २०० वॉट आणि दिवसाला ८ तास, चौथीला ८०० वॉट आणि १६ तास, पाचवीला २ किलोवॉट आणि २३ तास. विजेवरचा स्वयंपाक वरच्या पायऱ्यांवरच जमतो. तेव्हा अर्जात क्षमता मागा: खोलीमागे २ किलोवॉट मंजूर भार, स्वतंत्र मीटर, घरगुती दर.

अडेल ते कागदांवर. मालकीचा पुरावा मागतील. तिथे ताब्याचा पुरावा (भाडेपावती, ओळखपत्रावरचा पत्ता) आणि 'या जोडणीच्या आधारे जागेवर हक्क सांगणार नाही' असं हमीपत्र द्या. मालकाची भीती बहुतेक तीच असते. मालकाच्या नावे थकबाकी असेल तर कंपनी नवी जोडणी अडवेल. ती आहे का ते आधी विचारा. एकाच जागेत दुसरं मीटर मिळत नाही असं उत्तर आलं तर लेखी मागा, आणि प्रत्येक खोलीला वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर असल्याचा नकाशा जोडा.

सवलत मीटरला चिकटलेली असते, माणसाला नाही. दक्षिण आफ्रिकेत गरीब घरांना महिन्याला ५० युनिट मोफत द्यायचं धोरण २००३ पासून आहे, पण ती मोजली जातात जोडणीमागे. परसातल्या खोलीत, मूळ घराच्या मीटरवरून वायर ओढून राहणाऱ्यांपर्यंत ती सहसा पोहोचत नाहीत. तुमच्या शहराच्या योजनेत हीच चूक आहे, आणि हरकती-सूचना मागवतील तेव्हा ती लेखी मांडा.

हे तातडीचं का, तर दुसरीकडून छत आणि भांडवल असलेले ग्राहक ग्रिडवरून हळूहळू उतरताहेत. पाकिस्तानात एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉट पॅनेल आयात झाले. वीज केंद्रांना द्यायची ठरलेली क्षमतेची रक्कम (वीज कमी घेतली तरी द्यावी लागणारी) तशीच राहिली आणि ती विकल्या जाणाऱ्या कमी युनिटांवर वाटली जाऊ लागली. ज्यांना छत नाही त्यांच्या दरात ती येते. स्थिर आकार वाढवणं हा कंपन्यांचा नेहमीचा उपाय, आणि कमी वापरणाऱ्याला तोच सर्वात जड जातो.

---

भाडेकरू_समिती

मीटर मिळेपर्यंत सहा-आठ महिने जातील असं दिसतंय. तोवर ज्यांच्याकडे रॉकेल आहे त्यांना काही सुचवता येईल का?

---

फेज_न्यूट्रल

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, १००० वॉटच्या आतला. साडेचार अँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे धड असलेल्या ६ अँपियरच्या सॉकेटवरही बसतो. भांड्याला उष्णतारोधक आवरण असल्यामुळे दाब आल्यावर तो बराच वेळ बंदच असतो. तासभर शिजणाऱ्या पदार्थाला अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. भाजणं-परतणं त्यावर नीट होत नाही, त्यासाठी जुनी शेगडी राहू द्या. एका लूपवर एका वेळी दोनच कुकर, आणि शेजाऱ्यांनी आपसात वेळा ठरवून घ्याव्यात. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये आणायचा नाही, विशेषतः गुंडाळी केलेला; गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

पहिले कुकर सुरू झाल्यावर आठवड्याने त्या लूपचे सगळे सॉकेट आणि बोर्डातले स्क्रू मुख्य स्विच बंद करून पुन्हा आवळून घ्या. कंपनीकडून येणारी केबल ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या लग्जकडे (टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडांकडे) आधी बघा, कारण तापून-निवून ॲल्युमिनियम दबतं आणि जोड सैल होतो.